तळ उठतो तेव्हा : हडपसरच्या वाटेवरील मुक्कामांचा मागोवा

हडपसरच्या गाडीतळापाशी पुण्याहून आलेला रस्ता फुटतो. सरळ जाणारी वाट लोणी काळभोर, यवत, भिगवण, इंदापूर करत सोलापूरला पोचते. दुसरी फुरसुंगी, वडकीवरून मस्तानी तलावाच्या अंगाने दिवे घाट चढते आणि सासवड, जेजुरीच्या माळांवर निघते. दोन्ही वाटांनी गेलं की थोड्याच अंतरात पाऊस कमी होतो. पुण्याच्या पश्चिमेला डोंगरात हजारो मिलिमीटर पडणारा पाऊस बारामती-इंदापूरकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. झाडं विरळ होतात, गवत आणि खडक सुरू होतात. याच उघड्या माळांवर लांडगा, चिंकारा, खोकड, तरस आणि जमिनीवर घरटी करणारे चंडोल राहतात.

अलीकडे शनिवारी पहाटे हडपसरहून निघणाऱ्या गाड्यांच्या टपावर घडीचे तंबू दिसतात. कुणी भिगवणला रोहित पक्षी पाहायला निघालेलं असतं, कुणी कडबनवाडीच्या माळावर लांडग्याच्या आशेने. काही जण तर नोकरीतून लांब रजा काढून कच्छ, लडाख, अरुणाचल करत महिनोन्‌महिने रस्त्यावरच राहतात. हे सगळं नव्या काळाचं खूळ आहे असं पुष्कळांना वाटतं. पण घर सोडून लांब जाणं, वाटेत तळ ठोकून राहणं आणि रानातलं जनावर जवळून ओळखणं या तिन्ही गोष्टी या वाटेवर फार जुन्या आहेत. त्यांची वंशावळ लावताना मी एकच प्रश्न हाताशी ठेवला आहे : तळ उठल्यावर त्या जमिनीकडे काय उरलं?

या वंशावळीतला सर्वांत जुना आणि आजही चालता असलेला मुक्काम धनगरांचा. पुरंदर, बारामती, फलटण, माण या कोरड्या पट्ट्यातले हटकर धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात. काही कळप भातं निघालेल्या मावळात आणि घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा माळावर परततात. यामागे साधं कारण आहे. कोकणच्या मुसळधार पावसात मेंढीचे खूर सडतात, आणि त्याच वेळी कोरड्या माळावर कोवळं गवत फुटायला लागलेलं असतं. काही कुटुंबं मिळून एक वाडा होतो. बिऱ्हाड घोड्यांवर लादायचं, मुक्कामाला वाघर लावून मेंढरं कोंडायची, तीन दगडांची चूल मांडायची, कुत्री सोडायची आणि दोन-चार रात्रींनी पुढे सरकायचं. बिऱ्हाड बांधणं, हलवणं आणि पुन्हा मांडणं यातलं बरंचसं काम बायका करतात. अर्धा अधिक संसार उघड्या आभाळाखाली करणाऱ्या या बायकांची नोंद प्रवासाच्या इतिहासात फारशी झालेली नाही.

या मुक्कामाला जागा मिळते ती शेतकऱ्याच्या बोलावण्यावरून. पीक निघालेल्या रानात मेंढरं बसवली की लेंड्या आणि मूत्र थेट मातीत जातं, आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे तळ उठतो तेव्हा रान आधीपेक्षा सकस झालेलं असतं. कळप हलत राहतो म्हणून गवतालाही पुन्हा फुटायला उसंत मिळते. आणखी एक देणं अनिच्छेचं आहे. हरणं कमी झालेल्या या पट्ट्यात लांडग्याचं पोट मोठ्या प्रमाणावर शेळ्या-मेंढ्यांवर चालतं. रात्री कोकरू गेलं की धनगर हळहळतो, कुत्र्यांना शिव्या घालतो आणि सकाळी वाडा पुढे नेतो. भरपाईसाठी पंचनामा हवा, आणि पंचनाम्यासाठी थांबणं फिरत्या माणसाला परवडत नाही. पुण्याच्या पूर्वेला आज लांडगा शिल्लक आहे यात त्या कोकरांचा मोठा वाटा आहे.

मेंढपाळीतून आलेल्या एका घराण्याने याच वाटेवर वेगळ्या जातीचा तळ आणला. नीराकाठच्या होळ गावचे मल्हारराव मराठी राज्याचे मोठे सरदार झाले. त्यांच्याच घराण्यातल्या यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या माळावर पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला.

लढाई एका दिवसाची असते, पण फौजेचा मुक्काम महिन्यांचा असतो. मराठी लष्कर म्हणजे चालतं शहरच होतं. शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ सालच्या आपल्या पत्रांत त्या तंबूंच्या नगराचं, त्यातल्या बाजारांचं आणि सणांचं वर्णन करून ठेवलं आहे. धान्य लमाणांच्या बैलांवरून येई. घोड्यांची वैरण मात्र आसपासच्या मुलखातून आणावी लागे. त्यासाठी रोज कही, म्हणजे वैरण आणणारी टोळी, बाहेर पडे, आणि तिच्या वाटेतली रानं ओस होत. १८०२ ते १८०४ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. त्यात पाऊस चुकण्याइतकाच फौजांच्या वावराचा आणि लुटीचा हात होता. धनगराचा वाडा रानात खत सोडून जाई, फौजेचा तळ उठल्यावर गावाकडे बियाणंही उरत नसे. दोघेही तंबूतच राहत होते, फक्त एकाला बोलावणं होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

त्याच लष्करी शिस्तीतून या वाटेवरचा सर्वांत प्रेमळ मुक्काम जन्माला आला. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. पुढे आळंदीला स्थायिक होऊन त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी पालखीची प्रथा १६८५ मध्येच सुरू केली होती. हैबतबाबांनी तिला फौजेची घडी घातली. रथापुढे आणि रथामागे ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या दिंड्या, चोपदारांचा अधिकार, पहाटेचा कर्णा, तळावर रोज संध्याकाळी होणारी समाजआरती, सगळं त्या घडीतलं. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींचा अश्व आणि तंबू येतो, तो मान आजही चालू आहे.

पुण्यातला मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या हडपसरपर्यंत येतात, आणि इथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबा लोणी काळभोरला जातात, माउली दिवे घाट चढून सासवडला. पुढे सुमारे दोन आठवडे लाखो माणसं रोज नव्या गावात राहुट्या ठोकतात आणि पहाटे उतरवतात. हा मुक्कामही बोलावण्याचा आहे. गाव आधीपासून पिठलं-भाकरीच्या तयारीत असतं, दारात पाण्याचे हंडे भरून ठेवलेले असतात. इरावती कर्वे या वाटेने चालल्या आणि ‘परिपूर्ती’तल्या लेखात त्यांनी वारीचा आनंद लिहिला. एकाच वाटेने चालणाऱ्या दिंड्या जातींप्रमाणे वेगळ्या जेवतात, याचं दुःखही त्यांनी लपवलं नाही. संख्या वाढली तशी पालखीतळांवरची घाणही वाढली. अलीकडच्या वर्षांत फिरती स्वच्छतागृहं आणि तळ साफ करणारी तरुण मुलं सोबत असतात, ही वारीने स्वतःत केलेली मोठी सुधारणा आहे. वाट मात्र आता महामार्ग झाली. आळंदी-पंढरपूर मार्गाला राष्ट्रीय महामार्ग ९६५ हा क्रमांक मिळाला, आणि रुंदीकरणात वारकऱ्यांना सावली देणारे जुने वड गेले.

पालखीला आजचं रूप मिळत होतं त्याच सुमारास या मुलखात एक वेगळाच माणूस तंबू घेऊन फिरत होता. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं, आणि १८३१ पर्यंत तो गावोगाव मुक्काम करत राहिला. माणसं, जमिनी, पिकं, पाऊस, बाजारभाव मोजता मोजता त्याने जनावरंही नोंदवली. आपल्या माळावरच्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ हे शास्त्रीय नाव त्याने १८३१ मध्ये दिलं. भारतीय लांडग्याच्या आजच्या शास्त्रीय नावातही ते टिकून आहे. माळावरच्या एका तुरेवाल्या चंडोलाला इंग्रजीत आजही साइक्सचा चंडोल म्हणतात. माशांच्या बाबतीत तर त्याने कोळ्यांनी सांगितलेली नावंच शास्त्रात नेली. ‘मुस्सुल्ला’, ‘कोलुस’, ‘नुक्ता’ ही दख्खनच्या नद्यांतल्या माशांची नावं जगभरच्या मत्स्यग्रंथांत त्याच्यामुळे गेली. त्यांतला मुस्सुल्ला त्याला शिरूरपाशी घोड नदीत मिळाला होता.

साइक्सचं मोठेपण मी मानतो. एका जागी थांबून, स्थानिक माणसाला विचारून, जनावराची नीट नोंद करणं ही रानात राहण्याची एक नवी रीत त्याने या मुलखात रुजवली. पण त्या काळी नमुना म्हणजे मारलेला प्राणी, आणि त्याला मोजणीवर पाठवणाऱ्या सरकारला महसूल हवा होता. त्याच्यामागून जिल्ह्याच्या साहेबांची फिरती आली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कलेक्टर आणि त्याचे हाताखालचे अधिकारी तंबूंतून कारभार करत. एक तंबू वापरात असे तेव्हा दुसरा बैलगाड्यांतून पुढच्या गावी रवाना झालेला असे. गाड्या, सरपण, दूध, कोंबड्या गावाने पुरवायच्या, आणि त्यात वेठ असे. संध्याकाळी साहेब बंदूक घेऊन चिंकारा किंवा काळवीट टिपायला निघे. लांडगा मारणाऱ्याला ब्रिटिश सरकार बक्षीस देई. बोलावणं नसलेला तळ पुन्हा माळावर आला होता, फक्त त्याच्या हातात आता नोंदवही होती.

त्या तळाने मागे ठेवलेली सगळ्यांत टिकाऊ गोष्ट म्हणजे कुंपण. १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगर, पडीक जमिनी आणि गायरानं सरकारी जंगलात जाऊ लागली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना तो जिथे जिथे वाचून दाखवला त्या गावांत हडपसर आहे. त्यांची शेती शेजारच्या मांजरीला होती. त्या ग्रंथात त्यांनी जंगलखात्यावर आसूड ओढला आहे. गायरानं गेल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना रानात पाय टेकायलाही जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार १८८३ सालची आहे. हडपसरच्या श्रोत्यांना ती समजावून सांगावी लागली नसेल. ती जमीन त्यांच्या डोळ्यांसमोरच होती.

कुंपणाच्या पाठोपाठ माणसांवरही शिक्के आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या अनेक भटक्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि १९११ नंतर तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्यांसारख्या जमातींना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. सोलापुरात तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. एकाच माळावर साहेबाचा दुहेरी छताचा तंबू सरकारी कामकाज ठरला आणि पारध्याचं पाल गुन्हा ठरलं. पक्ष्याची वाट, हरणाची सवय, तितराचा आवाज यांचं पारध्याला असलेलं ज्ञान साइक्सच्या पोथीला पुरून उरलं असतं, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या. संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाही. गावाबाहेर पाल पडलं की आजही पहिला फोन पोलिसांना जातो. त्याच गावाबाहेर शहरातल्या मंडळींचा रंगीत तंबू उभा राहिला तर मुलं कौतुकाने पाहायला येतात. रस्त्यावर राहण्याच्या आनंदाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा फरक मनात धरायला हवा.

बंदुकीशिवाय रानात जाऊन राहण्याची मराठी परंपरा विसाव्या शतकात घडली, आणि ती लेखकांनी घडवली. ‘बनगरवाडी’त धनगरांचं जग मांडणारे व्यंकटेश माडगूळकर पुढे विदर्भातल्या नागझिऱ्यात मुक्कामाला गेले आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक झालं. वानरांच्या टोळ्यांवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत वर्षानुवर्षं जंगलात राहिले. आदिवासींकडून, कोळ्यांकडून, पारध्यांकडून शब्द आणि खुणा शिकले आणि मराठीला त्यांनी रानाची नवी भाषा दिली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. या दोघांनी शिकवलं ते असं की रानाला वेळ द्यावा लागतो, आणि तिथल्या माणसाला गुरू मानावं लागतं. साइक्सच्या नोंदवहीतला चांगला भाग त्यांनी घेतला आणि बंदूक मागे ठेवली.

कायद्यानेही १९७२ साली शिकारीचं दार बंद केलं. मग माळांसाठी अभयारण्यं आली. १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी, १९८० मध्ये रेहेकुरीला काळविटांसाठी, १९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर हे चिंकारांसाठी. मयूरेश्वरचं क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे. चिंकारा आणि लांडगा एवढ्यात मावत नाहीत. ते गावांच्या पडीक जमिनीत, बांधांवर, चराऊ रानांतच राहतात. आणि नेमकी हीच जमीन सरकारी कागदांवर ‘पडीक’ म्हणून लिहिलेली आहे. गवताळ माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, हा समज दोन शतकं टिकला. त्यापायी खुद्द वनखात्याने माळांवर चर खणले आणि गिरिपुष्प लावला. आता सासवडच्या परिसरात वसाहती चढत आहेत आणि पुरंदरच्या सात गावांत विमानतळ प्रस्तावित आहे. पुण्याच्या वनविभागाने मात्र अलीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ माळाची सफारी सुरू केली. माळ पाहण्यासारखा असतो, हे सरकारी पातळीवर मान्य झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

म्हणून आज टपावर तंबू घेऊन हडपसरहून निघणाऱ्याला या वंशावळीत स्वतःची जागा निवडावी लागेल. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या वाढणार आहेत. थंडीचे महिने मुक्कामाला सगळ्यांना आवडतात, आणि लांडगीण पिल्लं घालते ती याच हिवाळ्यात. गुहेजवळ गाडी गेली, रात्रभर दिवे जळले तर ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. उन्हाळ्याच्या तोंडी चंडोल आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चाकाखाली आलेलं घरटं चालकाला कळतही नाही. वाळल्या गवतात चुलीची एक ठिणगी पुरते. उरलेलं अन्न टाकलं की गावकुत्री माळावर येतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्र्याचा संकर होत असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिलं आहे. कुत्र्यांची संख्या माळावर जितकी वाढेल तितकं लांडग्याचं लांडगेपण धोक्यात येईल. आपल्या एका रात्रीच्या खरकट्याचाही त्यात हातभार लागतो.

उपाय या वाटेवर पूर्वीपासून आहेत. धनगर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय वाघर लावत नाही. आपणही जमीन कुणाची ते विचारावं आणि मुक्कामाचे पैसे त्याच्या हातात द्यावेत. वाटाड्या त्याच गावचा घ्यावा. मेंढपाळ, पारधी, शेतमजूर यांच्याइतकं माळाचं ज्ञान शहरातल्या कुठल्या कॅमेऱ्यात नाही, आणि त्या ज्ञानाचं मोल रोख द्यायला हवं. चाक रस्ता सोडून गवतात घालू नये. वारीने तळ साफ करायला माणसं लावली, तशी आपली घाण आपण परत न्यावी. मेंढरांची वाट अडवणारं कुंपण, गायरानावर येणारा प्रकल्प, पालावरच्या कुटुंबाला हुसकावणारी गावसभा यांबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा माळावर रात्र काढलेल्या माणसाने गप्प राहू नये. त्याने त्या जमिनीकडून काहीतरी घेतलेलं आहे.

होळकरांची फौज, साहेबाची फिरती आणि धनगराचा वाडा, तिघांनी याच माळावर तंबू ठोकले. पहिल्या दोघांचं राज्य गेलं. वाडा दर दिवाळीनंतर अजून निघतो, आणि ज्या रानातून तो उठतो त्या रानाचा मालक त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतो. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने आपल्या मुक्कामाला हीच कसोटी लावावी. ज्याच्या जमिनीवर आपण झोपलो त्याने पुढच्या वर्षी आपणहून ‘या’ म्हटलं, तर आपण नीट राहिलो.